मुलीचा प्रोजेक्ट युरेनियमवर आहे, काय करू?

प्रश्न : माझी मुलगी नाशिकला रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते, दुसरं वर्ष. हवेतलं युरेनियम मास स्पेक्ट्रोमेट्रीने (अणू वजनानुसार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राने) मोजायचं, असा प्रोजेक्ट तिला मिळालाय. तब्येतीला धोका नाही ना? यातून नोकरी मिळते का? उद्या स्थळं बघताना लोक काय म्हणतील?
– एक आई

उत्तर : ताई, युरेनियम म्हटल्यावर पोटात गोळा येणारच. पण हिशेब बघा. साध्या हवेत एका घनमीटरमागे युरेनियम असतं साधारण नॅनोग्रॅमच्या (म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या) दहाव्या भागाइतकं, बऱ्याचदा त्याहूनही कमी. पंप लावून हजार घनमीटर हवा फिल्टरमधून ओढली, तरी हाती लागणार जेमतेम शंभरेक नॅनोग्रॅम. तुमच्या कुंडीतल्या चमचाभर मातीत याच्या कितीतरी पट असतं.

धोका आहे, पण तो दुसऱ्याच बाटलीत. फिल्टरवरच्या धुळीतली सिलिका विरघळवायला नायट्रिकच्या जोडीला हायड्रोफ्लोरिक ॲसिड घालतात. ते काच खातं, म्हणून भांडी टेफ्लॉनची. सौम्य असेल तर कातडीवर पडल्यापडल्या दुखतही नाही. दुखायला लागेपर्यंत आत उतरलेलं असतं. लेकीला विचारा, या ॲसिडवरचा प्रथमोपचार, म्हणजे कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल, लॅबमध्ये कुठे ठेवलंय? पटकन सांगता आलं नाही, तर आधी गाइडशी बोलायला लावा.

आता नोकरी. मशीन चालवणं शिकता येतं हो. कस लागतो तो ब्लँकमध्ये, म्हणजे कोऱ्या नमुन्याच्या मोजणीत. काचतंतूच्या फिल्टरमध्ये मुळातच थोडं युरेनियम असतं, ॲसिडमध्येही अंश असू शकतो. म्हणून कोरा फिल्टर त्याच ॲसिडात विरघळवून मोजायचा आणि तो आकडा वजा करायचा. हे चोख केलं, तरच पुढची मजा: निसर्गात युरेनियम-238 आणि 235 (युरेनियमचेच, पण वेगवेगळ्या वजनाचे अणू) यांचं प्रमाण सुमारे 138 ला 1. ते बिघडलेलं दिसलं किंवा 236 सापडलं, तर ही धूळ नुसती मातीची नाही, माणसाने हाताळलेलं युरेनियम तिच्यात मिसळलंय.

भाभा अणुसंशोधन केंद्राचं ट्रेनिंग स्कूल 1957 पासून चालू आहे. एम.एस्सी.ला 60 टक्के हवेत, मग परीक्षा आणि मुलाखत. वयाची अट जाहिरातीत नीट वाचा. तिथे नाही जमलं, तरी औषध कंपन्यांना हेच यंत्र लागतं, शिसं, आर्सेनिक, कॅडमियम मोजायला. पगाराची सुरुवात बेताची असते, हे मात्र आधीच सांगून ठेवते.

राहिली स्थळं. कोणी विचारलंच, तर कुंडी दाखवा.