चोपड्याचा रोटरी क्लब एकट्याने ग्लोबल ग्रँट घेऊ शकतो का?

नाही, सातपुड्यातल्या पाड्यांवरच्या पाणी योजनेसाठी तुमच्या क्लबला एकट्याने रोटरीची ग्लोबल ग्रँट, म्हणजे रोटरी फाउंडेशनचं मोठ्या प्रकल्पांसाठीचं अनुदान, मिळणार नाही. परदेशातला एक क्लब किंवा डिस्ट्रिक्ट (रोटरीचा अनेक क्लबांचा विभाग) जोडीदार लागतोच. मी आमच्या क्लबचे असे अर्ज भरले आहेत, म्हणून सांगतो. प्रकल्पाचं बजेट किमान 30,000 डॉलर हवं. पैशाची खरी किल्ली डिस्ट्रिक्टच्या निधीत, म्हणजे डीडीएफमध्ये असते: दोन्हीकडच्या डिस्ट्रिक्टनी मिळून 20,000 डॉलर डीडीएफ दिला, तर वर्ल्ड फंड, म्हणजे रोटरी फाउंडेशनचा मध्यवर्ती निधी, त्यावर 80 टक्के, म्हणजे 16,000 घालतो. सभासदांच्या रोख वर्गणीवर मात्र ही भर मिळत नाही, आणि इथेच बहुतेक क्लबांचं गणित चुकतं. म्हणून आधी डिस्ट्रिक्टच्या फाउंडेशन समितीला भेटा, मग बाकीचं:

- क्लबची पात्रता: ग्रँटचं प्रशिक्षण आणि करारावर सही
- पाड्यांवर जाऊन गरजेची पाहणी. हिचा अहवाल अर्जासोबत लागतो
- रोटरीच्या ग्रँट सेंटरवर ऑनलाइन अर्ज

पाहणी मनापासून करा. उन्हाळ्यात हंडा घेऊन किती चालावं लागतं, हे तिथल्या बायांनाच विचारा. एक अट लक्षात ठेवा: मंजुरीआधी काम सुरू केलंत, तर तो खर्च ग्रँटमधून भरून मिळत नाही.