घरात चौघं, स्कीइंग येतं एकालाच: गुलमर्गला जमेल का?

प्रश्न: नमस्कार, आम्ही नाशिकचे. फेब्रुवारीत गुलमर्गला जायचं चाललंय. नवरा कामानिमित्त दोन वर्षं स्वित्झर्लंडला होता, तिथे तो स्कीइंग शिकलाय, बऱ्यापैकी येतं त्याला. मी आणि नऊ वर्षांची लेक, आम्ही दोघींनी अजून बर्फच पाहिलेला नाही, आणि सोबत ६८ वर्षांच्या सासूबाई. ट्रॅव्हलवाला म्हणतो श्रीनगरहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत या, त्यात स्कीइंग पण होतं. नवरा म्हणतो गोंडोलाने, म्हणजे तिथल्या रोपवेने, वर जाऊ, मी तुम्हाला शिकवत शिकवत खाली आणतो. मला मात्र धाकधूक वाटतेय. काय करू?

उत्तर: ताई, चौघांचंही छान जमेल, फक्त या बाबतीत ट्रॅव्हलवाल्याचं ऐकू नका आणि नवऱ्याचं तर मुळीच ऐकू नका. गुलमर्ग श्रीनगरपासून जेमतेम ५० किलोमीटर आहे हे खरं, पण बर्फ पडला की वाटेतल्या टंगमर्ग गावाच्या पुढचा घाट टायरला साखळी बांधलेल्या गाडीनेच चढावा लागतो, त्यात अर्धा दिवस जातो आणि मग तासभर पायात स्की घालून फोटो काढायचे आणि परत, त्याला स्कीइंग म्हणत नाहीत. वरच मुक्काम करा, निदान चार रात्री.

आता उंची बघा. गुलमर्गच साधारण २,६५० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा हजार मीटर वर. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगदूरीला नेतो, ती ३,००० च्या वर, आणि दुसरा टप्पा अफरवटला, जवळजवळ ४,००० मीटरवर. तुम्ही आणि लेक, तुमचं शिकणं सगळ्यात खाली, गावातल्या गोल्फ कोर्सच्या उतारावर. हिवाळ्यात तेच मैदान नवशिक्यांचं होतं, उतार इतका सौम्य की पडलात तरी हसत उठाल. पहिले दोन दिवस तिथेच काढा, आणि इन्स्ट्रक्टर लावा, नवरा नको. त्याला येतं म्हणजे त्याला शिकवता येतं असं नाही, आणि घरच्या माणसाकडून शिकताना आपण घाबरलोय हे बोललं जात नाही. पहिल्या दिवशी शिकायचं ते थांबणं, म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, गुडघे वाकवलेले आणि वजन पुढे. घाबरलं की माणूस मागे रेलतो आणि तिथेच पडतो. पडायचंच झालं तर कुशीवर पडा, उठताना स्की उताराला आडव्या करा म्हणजे त्या घसरत नाहीत. पोरं हे आपल्याआधी शिकतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

बुटांवर वेळ घालवा. माझ्या पहिल्या वेळी भाड्याच्या दुकानात मला दोन साइझ मोठे बूट दिले, मी आपली दोन मोजे घालून गेले आणि दुपारपर्यंत दोन्ही नडग्या सोलवटून निघाल्या, अजून आठवतं. एकच जाड मोजा घाला, सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की सुटली पाहिजेत. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारी पकड, तुमच्या वजनाप्रमाणे सेट करून घ्या, नाहीतर पडल्यावर स्की पायातून सुटत नाही आणि गुडघा पिरगळतो. हेल्मेट मागूनच घ्या. जीन्स नको, ती भिजली की दिवस संपला.

नवऱ्याला पहिल्या टप्प्यावर खुशाल सोडा, कोंगदूरीवरून पाइनच्या रानातून खाली येणं त्याच्यासाठी सुंदर आहे. अफरवटला मात्र एकट्याने नाही. युरोपातल्यासारखा सगळा उतार मशीनने दाबून ठेवलेला तिथे नसतो, बाजूला वळलं की मोकळा डोंगर, आणि हिमस्खलन होतं. २०२३ च्या फेब्रुवारीत त्यात तिथे दोन पोलिश स्कीयर दगावले, २०२४ च्या फेब्रुवारीत एक रशियन, आणि ही सगळी सरावलेली माणसं होती. लोकल गाइड, अंगावर ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेला माणूस सापडावा म्हणून सिग्नल देणारं यंत्र), बॅगेत फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), आणि स्की पेट्रोलने, म्हणजे उतारावरच्या गस्ती पथकाने, बंद सांगितलं तर बंद. यात हट्ट नको.

सासूबाईंना कोंगदूरीपर्यंत गोंडोलाने जरूर न्या, पण पोचल्याच्या दिवशी नाही, एक दिवस उंचीची सवय होऊ द्या आणि बीपी किंवा दम्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. तिकीट ऑनलाइन आधीच काढा, आणि वारा सुटला की गोंडोला थांबतो म्हणून एक दिवस हातचा ठेवा. आणखी एक, आपलं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही, एक तरी पोस्टपेड सोबत हवं.

प्रश्न: ठाण्याहून लिहितोय, वय २४, सह्याद्रीत भरपूर ट्रेक केलेत. फिरायला नाही, नीट शिकायला जायचंय. कुठे जाऊ?

उत्तर: गुलमर्गलाच केंद्र सरकारची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनियरिंग आहे, तिथे स्कीइंगचे कोर्स होतात, तिथूनच सुरुवात कर. दुसरं उत्तराखंडातलं औली, पण २०२३ च्या जानेवारीत जोशीमठची जमीन खचली तेव्हा तिथला रोपवे बंद झाला, म्हणून रस्त्याने जायच्या हिशोबाने निघ. ट्रेकचा दम उपयोगी पडेल, मांड्या मात्र वेगळ्या लागतात, आत्तापासून भिंतीला टेकून खुर्चीसारखं बसायचा सराव रोज कर. आणि सुट्टी टाकताना बर्फाचा भरवसा धरू नकोस, २०२४ चा जवळजवळ अख्खा जानेवारी गुलमर्ग कोरडं होतं आणि २०२५ मध्ये खेलो इंडियाच्या तिथल्या स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. फेब्रुवारीचा मधला काळ धर आणि तारीख बदलता येईल असंच तिकीट काढ.