गाणी ऐकत अभ्यास केल्याने खरेच नुकसान होते का?

तुम्ही बारावीत आहात, मोबाइलवर गाणी लावल्याशिवाय अभ्यासाला बसावेसेच वाटत नाही आणि यामुळे अभ्यासाचा बोऱ्या वाजतो असे आई म्हणते, असे तुम्ही प्रश्नात लिहिले आहे. माझ्या मते तुमचे दोघांचेही खरे आहे. गाणे अभ्यासाला बसवते, पण बसल्यावर वाचू देत नाही.

स्पर्धा परीक्षेच्या तयारीची तीन वर्षे मी पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत काढली. तिथे बहुतेकांच्या कानात हेडफोन असत, आणि त्यांतल्या निम्म्यांना गाण्याची हौस नसून शेजारच्या खुर्चीची करकर ऐकायची नसे. मीही त्यांतलाच. एकदा राज्यपालांच्या अधिकारांवर टिपणे काढताना कलम १६१ पुढे ‘क्षमादान’ लिहायचे सोडून मी स्वच्छ अक्षरात ‘पैंजण’ लिहिले होते. तो शब्द अर्थातच कानातल्या अंतऱ्यातला होता.

असे होण्यामागचे कारण साधे आहे. वाचताना आपण शब्द मनातल्या मनात उच्चारतो, आणि गाण्याचे शब्दही स्मरणाच्या त्याच कप्प्यात शिरतात. पिएर सलामे आणि ॲलन बॅडले या मानसशास्त्रज्ञांनी १९८९ साली दाखवून दिले की आकडे क्रमाने लक्षात ठेवताना निव्वळ वाद्यसंगीतापेक्षा शब्द असलेले गाणे जास्त अडथळा आणते. पुढे २०११ मध्ये ब्रिटनमधल्या एका प्रयोगात असेही आढळले की संगीत आवडीचे असो वा नावडते, अशा कामात दोन्हींमुळे सारखीच घट होते; म्हणजे ‘मला सवय आहे, मला चालते’ हा आपला नेहमीचा युक्तिवाद फारसा टिकत नाही.

प्रेरणेची बाजू मात्र भक्कम आहे. १९९३ साली अमेरिकेत ३६ विद्यार्थ्यांना मोझार्ट या पाश्चात्त्य संगीतकाराची रचना दहा मिनिटे ऐकवल्यावर आकृत्यांची कोडी सोडवण्यात त्यांना थोडा वेळ फायदा झाला, आणि वर्तमानपत्रांनी ‘संगीताने बुद्धी वाढते’ असा डांगोरा पिटला. कॅनडातल्या संशोधकांनी २००१ मध्ये मोझार्टच्या उल्हसित रचनेची तुलना एका संथ, उदास रचनेशी केली, तेव्हा फायदा फक्त पहिलीने झाला, आणि ऐकणाऱ्याची मनःस्थिती व तरतरी हिशेबात धरल्यावर तोही जवळजवळ उरला नाही. थोडक्यात, गाण्याने बुद्धी वाढत नाही, पण मरगळ जाते, आणि दुपारी तीन वाजता रसायनशास्त्र उघडायचे असेल तर तेही काही कमी नाही. म्हणून गाणे अभ्यासाच्या आधी दहा मिनिटे ऐकावे आणि पुस्तक उघडताना बंद करावे.

खरी अडचण बंद करण्यातच आहे. आमच्या घरी साठ मिनिटांची कॅसेट असे. तीस मिनिटांनी ती खट्कन थांबे आणि उठून बाजू बदलावी लागे. ॲप थांबतच नाही. एक गाणे संपले की दुसरे आपोआप सुरू होते, मध्येच जाहिरात येते, ती टाळायला मोबाइल हातात घेतला की मैत्रिणीचा संदेश दिसतो आणि वीस मिनिटे कुठे गेली ते कळत नाही. त्यातही ॲप आपण ऐकतो तसलेच पुढे वाढते. सराव परीक्षेत आपटल्यावर मी रात्री उदास गाणी लावली; पहिल्या दिवशी रडून मोकळे वाटले, पण पुढे आठवडाभर तसलीच यादी समोर येत राहिली आणि मी तीच ऐकत कुढत बसलो. मन हलके करायला ऐकणे आणि दुःख उगाळायला ऐकणे यांतला फरक त्या वेळी माझ्या लक्षात आला नाही.

कानांचेही पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलला (डेसिबल म्हणजे आवाज मोजण्याचे एकक) आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित आहे, ९० डेसिबलला फक्त ४ तास. आणि गोंगाट बुडवण्यासाठी आपण आवाज नेमका वाढवत नेतो.

पुढे मी सहा-सात वाद्यरचना डाउनलोड करून मोबाइल फ्लाइट मोडवर टाकू लागलो. गणिताच्या ओळखीच्या उदाहरणांना शिवकुमार शर्मांचे संतूर हळू आवाजात चालून जाई. राज्यघटना वाचताना मात्र तेही बंद, आणि खुर्चीच्या करकरीसाठी मेडिकलच्या दुकानातले कापसाचे बोळे.