रात्री रेडिओवर लांबची स्टेशनं कशी लागतात?
रावेरकडे केळीला रात्री पाणी भरताना आजोबा बांधावरच्या निंबाला ट्रान्झिस्टर टांगायचे. दिवसा जळगाव आकाशवाणी स्वच्छ. अंधार पडला की खरखरीतून पार दूरची स्टेशनं यायची.

कारण आभाळात आहे. उन्हामुळे साधारण ६० ते ९० किलोमीटर उंचीवर विद्युतभारित थर तयार होतो, तो मीडियम वेव्हच्या, म्हणजे अशा स्टेशनांच्या, रेडिओ लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की हा थर विरतो. मग लहरी त्याहून उंच थरावरून परतून शेकडो किलोमीटरवर उतरतात. १९०१ मध्ये मार्कोनीने अटलांटिकपार संदेश पकडला, तेव्हा हे कुणाला उलगडलं नव्हतं. १९२४ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ अ‍ॅपलटनने तो वरचा थर प्रयोगाने दाखवून दिला.

आणि त्याही आधी, १८९५ मध्ये, जगदीशचंद्र बोसांनी कलकत्त्यात बिनतारी लहरींनी भिंतीपलीकडची घंटा वाजवली होती. हे पोरांना आवर्जून सांगा.