मायला तिथं ठेवलंय, आता कुठल्या तोंडानं विचारू?

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येणारे वाढतात. सुरतेला, पुण्याला, नाशिकला गेलेली मुलं सणाला खान्देशात येतात, लेकी माहेरी येतात, आणि म्हातारी माय मात्र शहराबाहेरच्या निवासी केंद्रात असते. सुरुवात होते "तिला तिथं ठेवून चुकलो का?" इथून. दोन-तीन भेटींनंतर खरा प्रश्न वर येतो: तिथं नीट बघत नसतील, तर आपण बोलायचं कसं? पुढची हकिकत अशाच एका मुलाची. ओळख पटेल असे तपशील बदललेत, आणि बऱ्याच भेटींमधलं थोडंच घेतलंय.

वय पन्नाशीचं, सुरतेच्या कापड बाजारात नोकरी. मायचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, त्यात विसराळूपणा वाढत गेला. घरी दोन बाया ठेवून पाहिल्या, टिकल्या नाहीत. शेवटी जळगावच्या बाजूला एका केंद्रात ठेवलं. दर भेटीत माय एकच म्हणते, "माले घर ली चाल." हा गाडीत बसून रडतो आणि परत जातो.

"ती हे कधी म्हणते?" मी विचारलं.

"कधी म्हणजे? नेहमीच."

"नेहमी म्हणजे किती वाजता?"

त्याला सांगता येईना. पुढच्या दोन भेटींत त्यानं घड्याळ पाहिलं. जेवण झाल्यावर नाही, शेजारणीशी बोलताना नाही. दिवस कलताना, आणि डायपर ओलं असताना. स्मृती हरपत चाललेल्या माणसाचं 'घर' म्हणजे दर वेळी गावातलं घर नसतं. अंग दुखतंय, ओलं लागतंय, भीती वाटतेय, हे सांगायला त्याच्याकडे उरलेला तो शब्द असतो. मुलाला मात्र त्यात आरोप ऐकू येत होता, आणि आरोपाला उत्तर म्हणून तो साड्या नि फळं नेत होता.

चौथ्या भेटीत बोलता बोलता त्यानं सांगितलं, "मॅडम, मागच्या वेळी अकरा वाजता पोचलो. पलंगाला कूस बदलायचा तक्ता लावलेला असतो. त्यात बारा आणि दोनच्या चौकोनात आधीच टिक होती."

"मग काय केलंत?"

"केळी ठेवली. सगळ्यांना पुरतील अशी, चार डझन."

"हेच दवाखान्यात झालं असतं तर? सलाईन लावलंच नाही आणि कागदावर लावलं म्हणून लिहिलंय?"

"दवाखाना डोक्यावर घेतला असता."

"इथं का नाही?"

बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "तिथं मी तिला बरं करायला नेलं असतं. इथं टाकलंय. टाकणाऱ्यानं कुठल्या तोंडानं विचारायचं?"

हे वाक्य तोंडून यावं म्हणून मी चार भेटी थांबले होते. त्रास कशामुळे होतो ते शोधताना मी घटनेपेक्षा डोक्यातल्या वाक्याकडे आधी बघते, आणि हे वाक्य सापडलं की निम्मं काम झालेलं असतं. त्याचे दोन तुकडे होते: 'मी टाकलं' आणि 'म्हणून मला हक्क नाही'. पहिला कायद्यानंच तपासता येतो. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यात, ज्याच्यावर सांभाळाची जबाबदारी आहे त्यानं ज्येष्ठाला टाकून देणं हा गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण तिथं हेतू पाहतात: कायमचं सोडून द्यायच्या इराद्यानं कुठंतरी ठेवून जाणं. महिन्याला पैसे भरणारा, औषधं पोचवणारा, सुरतेहून येणारा माणूस त्यात बसत नाही. दुसरा तुकडा मग आपोआप ढिला होतो. उलट, माय स्वतः सांगू शकत नाही म्हणून विचारायचं काम त्याचंच.

मला खटकतं ते हे, की अपराधी वाटणारे नातेवाईक केंद्राला सगळ्यात सोयीचे असतात. कधी तक्रार करत नाहीत, वर खाऊ आणतात.

त्याला तपासायला काय शिकवलं ते जरा सविस्तर सांगते, कारण बहुतेक जण फरशी चकाचक आहे का एवढंच बघून येतात.

पहिली कातडी. अंथरुणाला खिळलेल्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. कमरेखालचं माकडहाड, खुबे, टाचा आणि घोटे स्वतः चादर बाजूला करून बघायचे. लाल डाग बोटानं दाबून सोडला आणि पांढरा न पडता तसाच लाल राहिला, तर जखमेची सुरुवात झालेली असते. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथं हाताला जास्त गरम, कडक किंवा लिबलिबीत लागतंय का ते पाहायचं. हवेची गादी आहे म्हणून कूस बदलायची नाही, हा गैरसमज कर्मचाऱ्यांतही असतो. शिवाय वीज गेली की ती गादी हळूहळू बसते. तिची मोटर इन्व्हर्टरवर आहे का, हे विचारायचं.

औषधं. गोळ्या सकाळीच पाकिटातून काढून बिननावाच्या वाट्यांमध्ये मांडलेल्या दिसल्या तर तिथं अदलाबदल होणारच. गोळी घशाखाली गेल्यावर सही, आधी नाही. इन्सुलिन फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही.

पाणी. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडं पारा 45 च्या आसपास जातो, आणि म्हाताऱ्यांना तहान कमी लागते. "पाणी पाहिजे का?" विचारलं तर "नको"च येतं. दर तास-दीड तासाला अर्धा पेला हातात द्यावा लागतो. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारून. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतंय असं धरायचं. महिन्याचं वजन लिहिलेलं मागायचं. 50 किलोची बाई महिन्यात अडीच किलो उतरली तर कारण शोधायलाच हवं. कधी कवळी सैल झालेली असते, एवढंच.

न्हाणीघरातला दांडा स्वतःचं वजन टाकून ओढून बघायचा, टॉवेलचा दांडा आधाराचा नसतो. कडी बाहेरून उघडते का? रात्री वाटेवर दिवा असतो का? आणि जिन्याच्या जाळीला कुलूप असेल तर किल्ली कुठं? "साहेबांकडे" हे उत्तर आग लागल्यावर चालत नाही.

एकदा रात्री साडेआठनंतर जायचं. दिवसा दिसणारी माणसं आणि रात्री जागी असणारी माणसं यांचा हिशेब वेगळा असतो.

पुढच्या खेपेला केळ्यांच्या जागी वही घेऊन तो व्यवस्थापकांसमोर बसला. आम्ही वाक्यं आधी घोटून घेतली होती: आरोप नाही, तारीख, वेळ आणि दिसलेली गोष्ट. उत्तर मिळालं नसतं तर लेखी पत्र आणि ज्येष्ठांसाठीची 14567 ही हेल्पलाइन हाताशी होती, पण गरज पडली नाही. निघालं ते साधंच. दोन वाजता पाळी बदलायची. जाणाऱ्या मावशी आपलं पान पूर्ण दिसावं म्हणून सगळ्या चौकोनांत टिक आधीच करून ठेवायच्या, आणि येणाऱ्यांना वाटायचं, दोनची कूस झालेली आहे. त्यामुळे बारा वाजल्यापासून चारपर्यंत माय उताणीच पडून. तपासताना मायच्या माकडहाडावर त्याला डाग दिसला होता, तो का, त्याचं उत्तर तिथं होतं.

टिक बंद झाली. चौकोनात आता घड्याळातली खरी वेळ आणि 'डावी', 'उजवी' किंवा 'पाठ' लिहायचं ठरलं, आणि पाळी बदलताना दोघींनी मिळून कूस बदलायची. संध्याकाळी पाचला डायपर तपासायचं हेही लिहून घेतलं.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. बहीणही बरोबर होती, पुरणाचे मांडे घेऊन गेले होते. मायनं "घर ली चाल" म्हटलं का, हे मी विचारलं.

"म्हणाली. कूस बदलली, मग मांडा खाल्ला," तो म्हणाला. "आणि मॅडम, बाराला पोचलो होतो. दोनचा चौकोन कोरा होता."