नाशिकमध्ये नवी घरं कुठे होतात, यावर महामार्गाची कोंडी आणि बसचा वापर किती अवलंबून असतो?

तुमचा प्रश्न असा: आडगाव आणि पाथर्डी फाट्याकडे महामार्गालगत नव्या सोसायट्या होताहेत, त्याने मुंबई-आग्रा रस्ता तुंबणार का, रुंदीकरण केलं की भागेल का, आणि तिथे बस कधी नीट मिळेल?

हो, तुंबतो. रुंदीकरणाने फार काळ भागत नाही. पण वसाहत शहरापासून किती लांब आहे, हा त्यातला मुख्य मुद्दा नाही असं माझं मत आहे. वसाहतीतून बाहेर पडायला तोंडं किती, ती कोणत्या रस्त्यावर उघडतात आणि पायी जाण्याजोग्या अंतरात काय काय आहे, यावर बहुतेक सगळं ठरतं.

आधी रस्त्याची क्षमता पाहू. इंडियन रोड्स काँग्रेसची १९९० ची १०६ क्रमांकाची मार्गदर्शिका शहरी रस्त्यांसाठी आकडे देते. वाहनं कारच्या हिशेबात मोजतात, त्या एककाला पीसीयू म्हणतात. दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कडेने कोणाची तोंडं उघडत नसतील, गाड्या उभ्या राहत नसतील आणि आडवी वाहतूक अगदी कमी असेल, तर दोन्ही दिशा मिळून तासाला ३६०० पीसीयू धरतात. कडेच्या इमारतींची तोंडं उघडू लागली की तोच आकडा २९०० होतो. डांबर तेवढंच राहतं आणि जवळजवळ पाचवा हिस्सा क्षमता जाते, कारण प्रत्येक तोंडाशी कोणीतरी वेग कमी करतो, कोणीतरी राँग साइडने घुसतो, रिक्षा थांबते.

आता एक सोसायटी धरा. ३०० फ्लॅट, सकाळच्या गर्दीच्या तासात १४० दुचाकी आणि ६० कार बाहेर पडतात असं समजू. वाहतुकीत दुचाकींचं प्रमाण दहा टक्के किंवा जास्त असेल तेव्हा एक दुचाकी ०.७५ धरतात, म्हणजे १०५ अधिक ६०, एकूण १६५ पीसीयू. एका दिशेची क्षमता साधारण १४५०. एकटी सोसायटी त्यातला अकरा टक्क्यांहून जास्त भाग खाते. अशा पाच सोसायट्या एकाच पट्ट्यात ओळीने आल्या की निम्म्याहून जास्त रस्ता स्थानिक फेऱ्यांनीच भरला. धुळ्याकडून मुंबईला निघालेल्या ट्रकला मग जागा कुठली?

याच हिशेबात बस बसवून बघा. एक बस फार तर ३.७ पीसीयू. तिच्यातली ४० माणसं एकेका दुचाकीवर गेली तर ३० पीसीयू होतात.

मोठ्या रस्त्यांवर उंच इमारती येण्यामागे नियमही आहे. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रित नियमावलीत, म्हणजे यूडीसीपीआरमध्ये, प्रीमियम एफएसआय (शुल्क भरून मिळणारं जादा बांधकाम) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरून हस्तांतरित केलेला बांधकामाचा हक्क) किती वापरता येईल हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. रस्ता जितका रुंद, तितकं जास्त बांधकाम. अग्निशमनाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. मात्र त्या रस्त्यावरून बस जाते का, त्याला समांतर आतला रस्ता आहे का, हे रुंदीच्या मोजपट्टीत येत नाही. त्यामुळे घनता महामार्गाच्या तोंडाशी गोळा होते आणि आतल्या नऊ-बारा मीटरच्या गल्ल्या विरळ राहतात. व्हायला हवं ते उलट: दाट वस्ती बसमार्गाला चिकटून आणि महामार्गापासून एक थर आत.

नाशिकची अडचण अशी की पेठ रोड, दिंडोरी रोड, छत्रपती संभाजीनगर रोड, पुणे रोड, त्र्यंबक रोड, गंगापूर रोड हे सगळे चाकाच्या आऱ्यांसारखे मध्याकडे येतात. त्यातच गोदावरी, नासर्डी, वालदेवी या नद्या आणि महामार्ग यांनी शहर कापलंय. ओलांडायच्या जागा मोजक्याच, म्हणून द्वारका चौफुली आणि इंदिरानगरचा महामार्गाखालचा बोगदा यांवर भार येतो. उड्डाणपुलामुळे लांबची वाहतूक वरून जाते, पण स्थानिक माणूस खाली सर्व्हिस रोडवरच राहतो. महामार्गापलीकडची शाळा सरळ रेषेत ३०० मीटरवर असली आणि बोगदा ८०० मीटरवर असला, तर चालणं १९०० मीटर होतं. एवढं कोणी मुलाला चालवत नाही, दुचाकी काढतो. ती फेरी लांबच्या प्रवासाची नव्हतीच, तरी ती मोठ्या रस्त्यावर पडली.

बसचं गणित तुम्ही स्वतः करू शकता. समजा एका मार्गावर जायला ५० मिनिटं, यायला ५०, दोन्ही टोकांना दहा-दहा मिनिटं थांबा. फेरी १२० मिनिटांची झाली. दर दहा मिनिटांना बस हवी तर १२ बस लागतात. आता शेवटच्या थांब्याच्या पुढे तीन किलोमीटरवर वसाहत झाली. ताशी १८ किलोमीटरने जाऊन-येऊन २० मिनिटं वाढली, म्हणजे आणखी दोन बस. त्या नाही मिळाल्या तर बारा बसमध्ये अंतर जवळपास पावणेबारा मिनिटांवर जातं आणि आधीच्या प्रवाशांचीही सेवा बिघडते. प्रत्यक्षात मार्ग वाढवत नाहीत, दिवसातून चार फेऱ्यांची वेगळी गाडी देतात, तिला प्रवासी मिळत नाहीत आणि ती बंद होते. सिटीलिंक या महापालिकेच्या बससेवेची सुरुवात २०२१ च्या जुलैमध्ये झाली तेव्हा नियोजन २५० बसचं होतं. एवढ्या ताफ्यात प्रत्येक फाट्यावरच्या विखुरलेल्या लेआउटला दहा मिनिटांची बस देणं शक्यच नाही. सध्याच्या मार्गाच्या ४०० मीटरच्या आत, म्हणजे पाच मिनिटांच्या चालीवर घरं आली, तर जास्तीची बस न लावता प्रवासी वाढतात.

चांगलं उदाहरण नाशिकमध्येच आहे. सिडकोच्या सहा योजना अंबड औद्योगिक वसाहतीला लागून झाल्या. घरं छोटी, रस्ते अरुंद, आज पार्किंगचे हाल आहेत, तरी कामगाराला कारखान्यात सायकलने जाता येतं आणि पवननगर, उत्तमनगर, त्रिमूर्ती चौकात भाजीपासून दवाखान्यापर्यंत सगळं पायी मिळतं. ती रोजची फेरी महामार्गावर येतच नाही. हे मला कुठल्याही उड्डाणपुलापेक्षा मोलाचं वाटतं.

तुम्ही घर बघत असाल तर कामाच्या दिवशी सकाळी नऊ ते दहा तिथे जा. थांब्यापर्यंत स्वतः चालून बघा, पदपथ आणि दिवे आहेत का पाहा, अर्ध्या तासात किती बस आल्या ते मोजा. शहराकडे वळायला यू-टर्न किती लांब आहे तेही बघा. त्याला दीड किलोमीटर लागत असेल, तर पहिल्या पावसाळ्यापर्यंत सगळी सोसायटी राँग साइडने जाऊ लागते आणि अपघात तिथेच होतात. बिल्डर महामार्गाला थेट तोंड दाखवत असेल, तर त्याच्याकडे महामार्ग प्राधिकरणाच्या परवानगीची प्रत मागा.

मग महापालिकेच्या नगररचना विभागातून त्या सर्व्हे नंबरचा भाग नकाशा आणि झोन दाखला काढा. बिल्डर दाखवतो तो मागचा डीपी रस्ता, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यातला रस्ता, पालिकेच्या ताब्यात आहे की नुसती रेघ आहे, हे विचारा. आराखडा लागू झाल्यावर दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरच्या मुदतीतही पालिका हलली नाही तर आरक्षण रद्द होतं. नाशिकचा आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला, म्हणजे ही दहा वर्षं २०२७ मध्ये भरतात. मागचा रस्ता असा गेला की वसाहतीला महामार्गाकडचं एकच तोंड उरतं. शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांनी मिळून त्या रस्त्याच्या संपादनासाठी आत्ताच लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.