मुंजा, चकवा आणि कोळीदादा कुठल्या खान्यात?

प्रश्न: आम्ही पाच जण रविवारी ऐरोलीला डंजन्स अँड ड्रॅगन्स (गोष्ट रचत, पात्रं घेऊन खेळायचा खेळ) खेळतो, यावेळी अॅडव्हेंचर, म्हणजे खेळायची गोष्ट, मी लिहितोय, येऊरच्या जंगलातलं. मुंजा, चकवा, बिबट्या, मांत्रिक, खाडीवरचे कोळी असे सगळे आहेत, पण कोणाला कुठल्या प्रकारात टाकू?

उत्तर: अरे वा, येऊर म्हणजे फारच भारी जागा निवडलीस! खेळाच्या २०१४ च्या नियमांत जीवांचे एकूण १४ प्रकार आहेत, पण तुला चारच पुरतील. बिबट्या बीस्ट (प्राणी), कोळी आणि मांत्रिक ह्युमनॉइड (माणसासारखे), यात डोकं खपवू नकोस. खरी मजा मुंजाची. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आधी मेलेला मुलगा, पिंपळावर राहणारा, म्हणजे तो अनडेड (मेल्यावरही वावरणारा), आणि हे नुसतं लेबल नाहीये कारण एकदा अनडेड म्हटलं की क्लेरिक (देवाच्या शक्तीने जादू करणारं पात्र) त्याला टर्न अनडेड या शक्तीने पळवू शकतो, पण होल्ड पर्सन हा जागीच खिळवणारा मंत्र त्याच्यावर चालणार नाही, ते फक्त ह्युमनॉइडवर चालतं. चकव्याला लोक भूतच म्हणतात, तरी मी त्याला फे (परीलोकातला जादुई जीव) करेन, कारण तो मारत नाही, वाट चुकवतो, रात्रभर एकाच जागी फिरवतो.

आणि हो, शत्रू की मित्र हे प्रकारात मिसळू नकोस प्लीज, ते वेगळ्या कागदावर लिही. मुंजा अनडेड असूनही पोरांना वाट दाखवू शकतो आणि कोळीदादा माणूस असूनही होडी द्यायला साफ नाही म्हणू शकतात.